घडीमावशीचा मुका

"ताण धर गं, ताण! सैल सोडलंस की चुणी पडते, आणि चुणी पडली की मुकादम बोलतो."

आईचा हा आवाज ऐकून पन्नास वर्षं उलटली असतील. दवाखान्याचं धुलाईघर, वाफेनं घामेजलेल्या भिंती, चादरीची दोन टोकं आईच्या हातात आणि दोन सात वर्षांच्या लेकीच्या. आई दोन पावलं पुढे यायची, टोकाला टोक द्यायची, दोन पावलं मागे जायची. हात चालत तसं तोंडही चालायचं:

पहिली माझी घडी गं, काठाला काठ,
वाऱ्याला म्हणावं, बाबा, सोड आता वाट.
दुसरी माझी घडी गं, चुणी नको तीत,
चुणीमध्ये लपतं गं उद्याचं विपरीत.
तिसरी माझी घडी गं, हाताशी हात,
हाताला जे कळतं, ते तोंडी ना येत.

दिवसाला तीनशे चादरी. संध्याकाळी आई पायरीवर बसायची ती बसायचीच. उठायला तिला लेकीचा हात लागायचा. थकवा हा शब्द शिकायच्या आधीच त्या लेकीला थकव्याचं वजन कळलं होतं.

तीच लेक आता अठ्ठावन्न वर्षांची झाली होती आणि चादरींच्या जागी पॅराशूटच्या घड्या घालत होती. शहराबाहेरच्या मैदानावर हौशी माणसं विमानातून उड्या मारायला येत. उडी झाली की ती भलीमोठी छत्री बगलेत कशीबशी कवटाळून पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकत, आणि खिदळत चहा प्यायला जात. पुढचं सगळं तिचं. बावीस वर्षं. तिचं नाव हजेरीच्या कागदावर असेल तेवढंच. सगळं मैदान तिला घडीमावशी म्हणे.

काम सांगायला सोपं होतं. सतरंजीवर छत्री लांब पसरायची, दोऱ्या विंचरायच्या, कापडाच्या पाकळ्या एकीवर एक आणायच्या. मग छत्रीवर चक्क आडवं पडायचं आणि पोटाखालून वारा काढायचा, कारण वाऱ्यासारखं हट्टी जनावर नाही. इकडून दाबलं की तिकडून शिंगं काढतं. दमलेलं कापड पिशवीत कोंबायचं. शेवटी राहतात दोऱ्या. त्यांची वेटोळी करून एकेक वेटोळं एकेका रबरात अडकवायचं. अशी दहा रबरं. रबर फार घट्ट असलं तर छत्री सुटताना अडते. सैल असलं तर दोऱ्या भसकन सांडतात आणि छत्री उघडता उघडता गिरकी घेते. आणि हे डोळ्यांना दिसत नाही. दोन बोटांत रबर धरून ओढायचं, बोटाला कळतं.

तिच्या बोटाला कळत होतं, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. सहा महिने मुंग्या येत राहिल्या, मग एक दिवस मुंग्या गेल्या, आणि जाताना बोटंही घेऊन गेल्या. हात होते, हलत होते, घासलेलं भांडं पुसून फळीवर ठेवत होते. पण भांडं गार की गरम, ओलं की कोरडं, ते काही बोलेनात.

तेव्हा तिनं एक युक्ती काढली. घडी संपली की वाकायचं आणि एकेक रबर ओठांत धरून हलकेच ओढायचं. ओठ शहाणे निघाले. बोटांपेक्षा बारीक हिशेब सांगायला लागले. ही गोष्ट पहिल्यांदा बघितली ती उंच्यानं. शेडच्या दारात डोकं आपटू नये म्हणून वाकून आत येणारा तो उड्यांचा शिक्षक बघतच राहिला आणि ओरडला, "अरे, या रे सगळे! मावशी छत्रीचा मुका घेतेय!"

झालं. हशा पिकला, आणि हसता हसता त्याचा नेम होऊन बसला. मुका घेतलेल्या छत्रीवरच उडणार, असं म्हणणारी माणसं निघाली. नवी गिऱ्हाईकं विचारायची, "हिचा घेतला ना मुका?" कुणी विमानात चढण्याआधी स्वतःच्याच पट्ट्याला ओठ लावी. मैदानाच्या मालकीणबाईंनी तर भिंतीवरच्या फळ्यावर लिहून टाकलं: 'आमच्या छत्र्या मायेनं बांधलेल्या आहेत.' घडीमावशीनं तो फळा वाचला आणि मान खाली घालून पुढच्या छत्रीच्या दोऱ्या विंचरायला घेतल्या. एवढ्या लोकांनी माया म्हटल्यावर आपण तिला दुसरं नाव कसं द्यावं?

घरी दोन खोल्या आणि एक अक्का. अक्का म्हणजे थोरली बहीण. शाळेत घंटा देण्याच्या कामावरून निवृत्त झाली होती, पण गळ्यातली घंटा काही परत दिली नव्हती. मोसमाचा शेवटचा रविवार होता तो. सकाळी चहाचं भांडं उतरवताना अक्कानं धाकटीचा हात धरला.

"हा फोड कसला?"

"कुठे?"

"अगं बोटाला! भाजलंय चांगलं."

"लागलं असेल भांडं."

"असेल? भाजलं की माणूस ओरडतं. तू काय लाकडाची आहेस?"

"घाईत होते, अक्का."

"घाईत माणूस दुप्पट ओरडतं." अक्कानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "आणि ते ओठ बघ. उललेत पार. वाऱ्यात बसतेस दिवसभर. थांब."

नको नको म्हणेपर्यंत अक्कानं फळीवरची डबी उघडली आणि सर्दीवर चोळायचं ते झोंबरं मलम ओठांवर थापलं. सत्तर वर्षांचं बोट, खरखरीत. पण लावताना कसं हळू. "आता बरं वाटेल. आणि डॉक्टरला हात दाखव. ऐकतेस का? तुझ्याशी बोलायचं म्हणजे मुक्याशी बोलायचं."

धाकटी हसली. मुका हा शब्द अक्कानं दोन्हीतल्या कुठल्या अर्थानं काढला, तेच तिला कळेना.

बसमध्ये ओठ झोंबत होते. मैदानावर पोचेपर्यंत ते झोंबायचेही थांबले आणि गार, जाड, परके झाले. सकाळी वारा फार होता, त्यामुळे उड्या दुपारनंतरच सुरू व्हायच्या होत्या. तेवढ्यात चार जोडछत्र्या बांधून ठेवायच्या होत्या. जोडछत्री म्हणजे दोघांची: नवख्या माणसाला शिक्षकाच्या छातीशी चार कड्यांनी अडकवायचं आणि दोघांनी एकाच छत्रीवर उतरायचं. पहिल्याच छत्रीला, निळं ठिगळ असलेल्या पिशवीला, तिनं ओठ लावले. काही नाही. बाहीनं मलम पुसलं, पाण्यानं धुतलं, पुन्हा लावले. पहिलं रबर, दुसरं, तिसरं... ओठ गप्प. डोळ्यांना सगळी सारखी दिसत होती. सातवं तेवढं जरा लोळल्यासारखं वाटलं. वाटलं, की खरंच होतं? बदलावं, तर नवी रबरं बाईंच्या कपाटात, आणि बाई दहाला येणार. गुडघे सतरंजीवरून उठायला तयार नव्हते. मागून कुणीतरी म्हणालं, "झाला का मुका?" आणि ती म्हणाली, "झाला."

निळं ठिगळ भिंतीच्या खुंटीवर गेलं. पुढच्या तीन घड्यांपर्यंत ओठ पुन्हा शुद्धीवर आले होते, पण तिचं मन त्या खुंटीवरच लटकत राहिलं. बाई आल्यावर किल्ली मागू, असं तिनं ठरवलं. बाई आल्या त्या फोन कानाला लावून, आणि मग गिऱ्हाइकांची जी रांग लागली ती लागलीच.

दुपारी वारा पडला. विमानाचा पंखा घरघरला. आणि पहिल्याच फेरीला, विमानाच्या पायरीवर एक पाय ठेवलेला धट्टाकट्टा गडी मागे फिरला. "पुढच्या महिन्यात लग्न आहे हो माझं," एवढंच म्हणाला आणि तडक गाडीकडे चालता झाला.

"लग्नाला भीत नाही आणि ह्याला भितो!" उंच्या हसला. उंच्या त्याला घेऊन उडणार होता. त्याच्या पाठीवर पिशवी चढलेली होती. पिशवीला निळं ठिगळ होतं.

बाईंनी रांगेकडे पाहिलं. पुढचा नंबर एका शाळामास्तरणीचा होता. चाळिसावा वाढदिवस म्हणून एकटीच आली होती. नंबराची चिठ्ठी हातात घट्ट धरून बाकावर बसली होती आणि मघापासून बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होती. बाईंनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर शेडच्या दारात उभ्या असलेल्या घडीमावशीवर गेली.

"मावशी! अहो, तुम्हीच जा की. बावीस वर्षं झाली. दरवेळी उद्या, उद्या."

"कसलं हो बाई. गुडघे बघा माझे."

"वर गुडघे लागतच नाहीत," उंच्या म्हणाला. "मावशी, लोकांना गाडीत बसवून देता, हात हलवता, आणि स्वतः फलाटावर. चला आज. तुमचीच घडी, तुमचाच मुका."

ती निळ्या ठिगळाकडे बघत होती. "जायचंच तर... दुसरी घे ना रे छत्री."

"का? हिचा मुका राहिला का?"

सगळे हसले. मास्तरीणसुद्धा हसली. 'हो' म्हणायचं होतं. केवढंसं अक्षर, ओठांचा नुसता चंबू केला की निघतं. पण त्या अक्षरामागे एक दोरी होती, आणि ती ओढली की बावीस वर्षं, दोन खोल्या, भिंतीवरचा फळा, सगळं भसकन सांडणार होतं. उंच्याच्या पाठीवर आणखी एक राखीव छत्री होती. तिची घडी शिक्का असलेला तपासनीस घालायचा, तिला मावशी हात लावत नसे. तिनं मनाशी त्या राखीव छत्रीचा आधार धरला. ह्या पोराला न सांगता आपण त्याच्या जिवाशी खेळतोय, हे तिला कळत होतं. बोटांचं कळणं गेलं होतं, ते कळणं शाबूत होतं. पण ती आज नाही म्हणाली तर त्या पिशवीखाली मास्तरीण लटकणार होती. निदान ते तरी नको.

"चल," ती म्हणाली. "एकदाचं होऊन जाऊ दे."

पट्टे चढले. मांड्यांना, खांद्यांना, कमरेला. वासराला दावं बांधावं तशी ती उभी राहिली. डोळ्यांवर चष्मा आला. उंच्यानं सांगितलं: दारात बसल्यावर हात छातीवर, मान मागे माझ्या खांद्यावर, पाय विमानाच्या पोटाखाली. मी दोनदा थोपटलं की हात पसरायचे. उतरताना पाय वर. "आणि ओरडायचं असेल तर ओरडा, फुकट आहे."

विमानात बाक नव्हते. माणसं एकमेकांच्या पायांत पाय घालून जमिनीवर बसली होती. समोर दोन जुने उड्या मारणारे होते. एकानं डोळा मारून आपल्या पट्ट्याला ओठ लावले, दुसऱ्यानंही लावले, आणि दोघं तिच्याकडे बघून हसले. तिला हसता येईना. खाली शेड काड्यापेटीएवढी झाली, मग टिकलीएवढी, मग हरवली. आपण तिथे बसून केवढं आयुष्य घालवलं, आणि वरून ते दिसतही नाही. तिला वाईट वाटलं नाही. पाय दुखत नव्हते, एवढंच तिच्या लक्षात आलं, कारण तिच्या सगळ्या वजनाला मागून उंच्याची छाती टेकू देत होती. किती दिवसांत ती कुणाला टेकून बसली नव्हती.

"भीती वाटतेय?" त्यानं कानाशी विचारलं.

"झोप येतेय."

"मावशी, तुम्ही म्हणजे ना!"

दार उघडलं, आणि वारा आत आला. बावीस वर्षं पोटाखाली दाबून ज्याला बाहेर घालवला, तो वारा. सगळा वचपा काढायला आल्यासारखा अंगावर आला. चार कड्या खटाखट वाजल्या. उंच्यानं तिला सरकवत दारापाशी नेलं. पाय बाहेर गेले. पायांखाली काहीही नव्हतं, त्याच्या खाली ढगाचा एक तुकडा होता, आणि त्याच्या खाली पुन्हा काहीही नव्हतं.

मान मागे. एक झोका पुढे, एक मागे.

अंगाखालची विमानाची कड सुटली. एकदा आभाळ दिसलं, एकदा जमीन, एकदा विमानाचं पोट, अगदी लहान, निघून जाणारं. मग काहीतरी मागून ओढल्यासारखं झालं. उंच्यानं वेग आवरायची लहान छत्री सोडली होती. आता ती पडत नव्हती, वाऱ्यावर पालथी झोपली होती. खांद्यावर दोन थापा. तिनं हात पसरले. गाल फडफडत होते, तोंडात वारा घुसून जिभेचं पान सुकवत होता. आवाज एवढा, की आवाजच नाही. बोटं बधिर होती. मग तिच्या ध्यानात आलं की इथे उंच्याचीही बोटं बधिर असणार. इथे सगळ्यांचीच बधिर होतात. दोन वर्षांत पहिल्यांदा ती चारचौघींसारखी झाली होती, आणि त्याला एवढ्या उंचीवर यावं लागलं होतं. तिला रडू आलं; चष्म्यात रडली; कुणाला कळलं नाही.

डोळ्यांसमोर उंच्याचा हात आला, मनगटावर उंचीचं घड्याळ. काटा खाली उतरत होता. आता तो छत्री उघडायची मूठ ओढणार. आता पिशवी सुटणार. ती मनातल्या मनात मोजायला लागली. पहिली माझी घडी गं. पहिलं रबर. दुसरी माझी घडी गं. दुसरं, तिसरं, चौथं. आई, ताण धर गं. पाचवं, सहावं.

सातवं.

खांदे वर खेचले गेले आणि त्याच क्षणी जग गोल फिरलं. शेतं, रस्ता, सूर्य, शेतं, रस्ता, सूर्य. डोक्यावरच्या दोऱ्यांना पीळ पडला होता, वेणीसारखा. तिला वर बघायची गरज नव्हती. तिनं तो पीळ सकाळीच पाहिला होता.

"पाय झाडा!" उंच्या ओरडला. "सायकल मारा, मावशी! सायकल!"

तिनं पाय झाडले. दुखरे, सुजलेले, सतरंजीवर झिजलेले गुडघे तिनं असे मारले की आयुष्यात कधी मारले नव्हते. एक गिरकी उलटी सुटली. दुसरी सुटली. तिसरी अर्ध्यावर अडली, आणि मग हळूच, कुणी चादरीचं टोक झटकावं तशी, सुटली. डोक्यावर छत्री उभी होती. चौकोनी, भरलेली, शांत.

आणि मग इतकं गप्प झालं की तिला उंच्याचा श्वास ऐकू आला. तो जोरात चालला होता.

"होतं असं कधी कधी," थोड्या वेळानं तो म्हणाला. आवाज सहज ठेवला होता. "वाऱ्याचा खेळ. घाबरलात?"

तिनं खाली पाहिलं. खाली रस्त्यावर एक गाडी मुंगीसारखी चालली होती. कुठेतरी कुत्रं भुंकलं. एवढ्या वर कुत्रं ऐकू येतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"हे धरा. आता तुम्ही चालवा." त्यानं छत्री वळवायच्या दोन कड्या तिच्या हातांत दिल्या. "डावी ओढा."

तिनं कडी धरली आहे असं तिला वाटत होतं. डोळ्यांनी बघितलं तर कडी निसटून हवेत हलत होती आणि तिची मूठ रिकामीच आवळलेली होती. उंच्यानं हसत कडी पुन्हा पकडून दिली. "थंडीनं होतं." तो वाऱ्यावर टाकत होता, थंडीवर टाकत होता. तो तिच्यावर काहीच टाकत नव्हता. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या उडीच्या दिवशी हाच पोरगा शेडमागे ओकला होता आणि तिनं पाण्याचा तांब्या धरला होता. तेव्हापासून त्यानं तिची घडी एकदाही उघडून तपासली नव्हती.

शेड पुन्हा दिसायला लागली. टिकलीएवढी, मग काड्यापेटीएवढी. शेडबाहेर मास्तरीण उभी होती, तिच्या अंगावर पट्टे चढवायला सुरुवात झाली होती.

"मावशी," उंच्या कानाशी म्हणाला, "उतरल्यावर छत्रीचा परत एक मुका घ्या हां. सांभाळलं बिचारीनं."

हाताला जे कळतं, ते तोंडी ना येत. आईचे हात जाणते होते. त्यांना तोंडाची गरज पडली नाही. आपल्या हातांना तर आता काहीच कळत नव्हतं. राहिलं होतं ते तोंडच.

"तो मुका नव्हता रे."

"काय?"

"मी मुका घेत नाही. कधीच घेतला नाही." ती समोर बघूनच बोलत होती, चेहरा बघावा लागत नव्हता म्हणून शब्द निघत होते. "दोन वर्षं झाली, माझ्या बोटांना काही कळत नाही. रबरं मी ओठांनी बघते. आज ओठांनाही कळलं नाही. ह्या छत्रीचं सातवं रबर सैल असणार, असं मला सकाळपासून वाटत होतं, आणि तुझ्या पाठीवर ती पिशवी बघूनही मी तुला सांगितलं नाही. शेडमध्ये माझ्या हातच्या आणखी तीन आहेत, उंच्या. त्या मास्तरणीला चढू देऊ नकोस. उतरल्या उतरल्या सगळ्या घड्या मोडायला सांग."